वेळ विसरणारा संगणक

कोकणातील एका शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसविलेला होता. पावसाळ्यात दररोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थी त्यातील पाणी मोजीत आणि तो आकडा शाळेच्या जुन्या संगणकातील तक्त्यात नोंदवीत. हवामान खाते देशभर पावसाची नोंद याच वेळी घेते, म्हणून शाळेनेही तीच वेळ ठरविली होती. तारीख मात्र विद्यार्थ्यांना लिहावी लागत नसे. आकडा लिहिला की संगणक आपल्या घड्याळात पाहून तारीख स्वतःच घालीत असे.

उन्हाळ्याची सुटी संपून जून महिन्यात शाळा उघडली. पाऊसही वेळेवर आला. पाच दिवस मापे घेऊन झाली आणि सहाव्या दिवशी एका विद्यार्थिनीने सहज म्हणून मागील नोंदी पाहिल्या, तेव्हा तिला मोठे नवल वाटले. पाचही नोंदींपुढे १ जानेवारी २००९ हीच तारीख होती. संगणकाच्या मते कोकणात ऐन हिवाळ्यात, एकाच दिवशी, पाच वेळा मुसळधार पाऊस पडला होता!

एवढ्यावर भागले असते, तर गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. परंतु त्याच दुपारी तक्त्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्यात आली. हे काम करणारी आज्ञावली दोन्ही ठिकाणच्या फायलींच्या तारखा ताडून पाहते आणि जी फाइल नवी असेल ती जुनीच्या जागी ठेवते. पेनड्राइव्हवरील प्रत एप्रिल महिन्यातील होती. संगणकातील ताजी फाइल मात्र २००९ सालची दिसत होती. आज्ञावलीने आपले कर्तव्य चोख बजावले. तिने ताजी फाइल जुनी समजून पुसून टाकली आणि तिच्या जागी एप्रिलमधील प्रत आणून ठेवली. पाच दिवसांचे पर्जन्यमान क्षणार्धात नाहीसे झाले. त्या विद्यार्थिनीला रोजचा आकडा वहीच्या मागील पानावर टिपून ठेवण्याची सवय होती, म्हणूनच ते परत मिळाले.

संगणक असा वेळ विसरतो कसा, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याला वेळ कळते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. खरे पाहता, त्याला वेळ कळत नाही. तो केवळ मोजतो. भिंतीवरचे जुने घड्याळ लंबकाचे झोके मोजते, त्याचप्रमाणे संगणक गारगोटीच्या एका इवल्याशा तुकड्याची कंपने मोजतो. या गारगोटीला क्वार्ट्झ असे म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या अशा धातूच्या नळकांडीत हा तुकडा बंद केलेला असतो. त्याचा आकार प्रयोगशाळेतील नादकाट्यासारखा, दोन बोटांचा असतो.

गारगोटीचा एक गुण मोठा चमत्कारिक आहे. तिच्या स्फटिकावर दाब पडला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्भार उत्पन्न होतो. जॅक क्यूरी आणि प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली हा गुणधर्म शोधून काढला. याच्या उलट, स्फटिकाला वीज दिली असता तो किंचित वाकतो, आणि वीज ठराविक रीतीने देत राहिल्यास तो थरथरू लागतो. ही थरथर अतिशय नियमित असते. कोणत्याही लंबकाला इतकी नियमितता साधत नाही. हे ओळखून वॉरन मॅरिसन याने १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गारगोटीच्या कंपनांवर चालणारे पहिले घड्याळ तयार केले. आज मनगटावरच्या स्वस्त घड्याळातही हाच स्फटिक असतो.

संगणकातील हा नादकाटा सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. मनुष्याच्या कानाला त्याचा नाद ऐकू येत नाही, कारण सेकंदाला सुमारे वीस हजारांहून अधिक कंपने असलेला आवाज आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरचा असतो. ३२,७६८ हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. सरळ तीस हजार का नकोत? त्याचे कारण वहीवर करून पाहण्याजोगे आहे. एकाची दुप्पट दोन, दोहोंची चार, चारांची आठ, याप्रमाणे पंधरा वेळा दुप्पट करीत गेले असता ३२,७६८ हीच संख्या येते. संगणकातील विद्युत्मंडलाला कोणतीही संख्या निम्मी करणे अत्यंत सोपे जाते. म्हणून कंपने निम्मी, पुन्हा निम्मी, असे पंधरा वेळा केले की शेवटी सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. हे ठोके मोजून एक छोटी चिप सेकंदांची मिनिटे, मिनिटांचे तास आणि तासांचे दिवस करीत जाते. कोणत्या महिन्याचे दिवस तीस आणि कोणत्याचे एकतीस, हेही तिला ठाऊक असते.

पण मोजणाऱ्याला झोप लागली तर पुढचे सारे फुकट. संगणकाची वीज बंद झाली म्हणजे स्फटिक थांबणार, स्फटिक थांबला म्हणजे मोजणी थांबणार. १९८१ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या वैयक्तिक संगणकाची हीच स्थिती होती. दर वेळी सुरू केला की तो तारीख आणि वेळ विचारी. उत्तर न देता पुढे गेल्यास १ जानेवारी १९८० हीच तारीख धरून तो कामाला लागे. १९८४ साली त्याच कंपनीने एटी या नावाचा संगणक काढला. त्यात घड्याळाची स्वतंत्र चिप आली आणि वीज नसतानाही तिला जागे ठेवणारा छोटा सेल आला. तेव्हापासून ही व्यवस्था बहुतेक सर्व संगणकांत रूढ झाली.

हा सेल म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी एक चपटी, चकचकीत चकती. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ अशी अक्षरे असतात. त्या आकड्यांतच तिचे माप सांगितलेले आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तिच्यात लिथियम हा धातू असतो आणि ती ३ व्होल्टचा दाब देते. तिच्यात साठविलेली वीज अगदी थोडी, म्हणजे सुमारे २२० मिलिअँपिअर-तास एवढीच असते. पण घड्याळाची भूक त्याहूनही लहान असते. एका मिलिअँपिअरचे हजार भाग केले, तर त्यांतील सुमारे तीन भाग त्याला पुरतात. २२० ला ०.००३ ने भागले असता ७३ हजारांहून थोडे अधिक तास येतात. याचाच अर्थ असा की, संगणक सतत बंद ठेवला तरी एक सेल घड्याळाला सुमारे आठ वर्षे चालवू शकतो.

भिंतीवरील बटण चालू असेल, तर घड्याळ सेलला हात लावीत नाही. ते विजेच्या तारेतूनच आपला घास घेते. शाळेत मात्र सायंकाळी शिपाईमामा मुख्य बटण बंद करून जातात. असे करणे योग्यच आहे, कारण पावसाळ्यात विजा पडतात. परंतु त्यामुळे शाळेतील घड्याळ दिवसाचे सहा तास तारेवर आणि उरलेले अठरा तास सेलवर जगते. रविवार, दिवाळीची सुटी आणि उन्हाळ्याची सुटी तर संपूर्णपणे सेलच्याच खात्यावर. कोकणातील त्या शाळेचा संगणक सुटीपूर्वी बरोबर वेळ दाखवीत होता आणि सुटीनंतर एकाएकी २००९ सालात गेला, यात म्हणूनच नवल नव्हते. सेल सुटीतच संपला होता. २००९ हे साल कोठून आले, याचेही उत्तर सोपे आहे. घड्याळ कोरे झाल्यास कोणती तारीख धरावयाची, हे संगणक बनविणाऱ्याने त्याच्या मुख्य आज्ञावलीत आधीच लिहून ठेवलेले असते. ती तारीख बहुधा आज्ञावली लिहिली गेली त्या सुमाराची असते. थोडक्यात, स्मरण गेलेला संगणक आपल्या जन्मकाळाकडे परत जातो.

तथापि, संगणकाचे घड्याळ चुकले की लगेच सेल बदलावयास धावू नये. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. येथेही चूक किती आहे आणि ती केव्हा होते, हे दोन-चार दिवस वहीत टिपून ठेवले असता रोग आपोआप ओळखता येतो.

वीज बंद करून पुन्हा सुरू करताच तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर सेल मेला आहे. सुरुवातीलाच पडद्यावर घड्याळ किंवा रचना पुसली गेल्याचा इशाराही येत असेल, तर मग शंकाच नको. कारण जुन्या संगणकांत त्या रचनेची आठवणही हाच सेल राखतो. तारीख जवळपास बरोबर आहे, परंतु रोज सकाळी घड्याळ काही तास मागे पडलेले दिसते, असे असेल तर सेल मेलेला नसून मरणपंथाला लागलेला आहे.

चूक जर महिन्याला पाऊण मिनिटाइतकी अथवा त्याहून कमी असेल, तर तो रोग नव्हेच. साधा स्फटिक दहा लाख कंपनांमागे वीस कंपनांपर्यंत चुकू शकतो. दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. त्या हिशेबाने ही चूक दिवसाला पावणेदोन सेकंदांहून थोडी कमी आणि महिन्याला बावन्न सेकंदांच्या आसपास होते. स्फटिकाला उष्णतेचाही त्रास होतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात तो सर्वांत जलद चालतो. त्याहून थंडी वाढली तरी तो मंदावतो आणि उष्णता वाढली तरीही मंदावतो. विदर्भातील मे महिन्यात खोली ४५ अंशांपर्यंत तापली, तर केवळ उष्म्यामुळे घड्याळ दिवसाला एक सेकंदाहून अधिक मागे पडेल. यावर सेल बदलणे हा उपाय नाही. अधूनमधून घड्याळ लावणे, एवढाच आहे.

कधी कधी चूक बरोबर साडेपाच तासांची असते. एक मिनिट कमी नाही की एक मिनिट जास्त नाही. अशा वेळी घड्याळ निर्दोष असते, हे लक्षात ठेवावे. भारतीय प्रमाणवेळ ही जगाच्या समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. काही संगणकप्रणाली चिपमध्ये जागतिक वेळ ठेवतात आणि पडद्यावर दाखविताना साडेपाच तास मिळवितात. विंडोजसारखी प्रणाली चिपमध्ये स्थानिक वेळच ठेवते. एकाच संगणकावर अशा दोन प्रणाली बसविल्या, म्हणजे एकीने लिहिलेली वेळ दुसरी चुकीच्या अर्थाने वाचते. मुंबईच्या लोकांना हा घोटाळा नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी त्यानंतर कित्येक दशके मुंबई शहरात जुनी मुंबई वेळही पाळली जात असे. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. रेल्वेच्या घड्याळात एक वेळ आणि शहरातील घड्याळात दुसरी, तरीही दोन्ही घड्याळे बरोबर! चूक घड्याळात नसून, कोणती वेळ मानावयाची या करारात होती. संगणकाच्या बाबतीतही प्रणालीच्या रचनेत जाऊन हा करार तेवढा दुरुस्त करावयाचा असतो.

याखेरीज एक दोष असा आहे की, संगणक सकाळी बरोबर वेळ दाखवितो आणि काम करता करता सायंकाळपर्यंत मागे पडतो. याचे कारण, संगणकात घड्याळे दोन असतात. संगणक सुरू होताना सेलवरील चिपला एकदा वेळ विचारतो आणि नंतर आपल्या मनाशी स्वतंत्र ठोके मोजीत राहतो. जुन्या संगणकांत हे ठोके सेकंदाला सुमारे १८.२ एवढे असत. संगणक एखाद्या निकडीच्या कामात गुंतला की काही ठोके त्याच्या कानावरच पडत नसत आणि तेवढी वेळ हरवत असे. अशा संगणकाचा सेल दहा वेळा बदलला तरी काही उपयोग होत नाही. तो बंद करून पुन्हा सुरू केला, म्हणजे मात्र तो चिपला विचारून शहाणा होतो.

मोजण्याच्या रीतीतच खोट असली म्हणजे काय होते, याचे एक दारुण उदाहरण १९९१ सालच्या आखाती युद्धात घडले. सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकन सैन्याने शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच पाडणारी पेट्रियट नावाची यंत्रणा ठेवली होती. तिचा संगणक जुन्या धर्तीचा होता. तो वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजीत असे आणि मग त्या संख्येला एक-दशांशाने गुणून सेकंद काढीत असे. आता दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ असे तीन लिहीतच राहावे लागते. द्विमान पद्धतीत, जिच्यात संगणक सारे आकडे लिहितो, एक-दशांशाची तशीच गत होते. तो कधीच पुरा लिहून होत नाही. या संगणकात चोवीस अंकांपुरतीच जागा होती. त्यामुळे पुढचे शेपूट कापले जाई. एका गुणाकारामागे चूक जवळपास एक कोट्यंश एवढीच. पण यंत्रणा सतत शंभर तास चालू राहिली. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग ३६ लाख होतात. तेवढ्या वेळात संगणकाची वेळ सेकंदाच्या एक-तृतीयांशाने मागे पडली.

एक-तृतीयांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतका काळ. परंतु येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते. संगणकाने ते जेथे असावे असे गणित केले, तेथून ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर होते. संगणकाला ते दिसले नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी ते सैनिकांच्या निवासस्थानावर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दोष आधीच लक्षात आला होता. यंत्रणा फार काळ सलग चालवू नये, अशी सूचना चार दिवसांपूर्वी पाठविलीही गेली होती. फार काळ म्हणजे किती तास, हे मात्र तीत लिहिलेले नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करावयास जेमतेम मिनिटभर लागले असते आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. सुधारलेली आज्ञावली दहरानला २६ फेब्रुवारीस, म्हणजे एक दिवस उशिरा पोहोचली.

शाळेतील संगणकाचा दोष इतका गूढ नव्हता. तो सेलचाच होता आणि तो शिक्षकांच्या देखरेखीखाली दुरुस्त करण्यात आला. हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावयाचे असते. प्रथम, संगणक सुरू होताना ठराविक कळ दाबून रचनेचा पडदा उघडावा आणि त्यावरील महत्त्वाच्या गोष्टी कागदावर उतरून घ्याव्यात. मग संगणक बंद करून विजेची तार भिंतीतून काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. तार काढल्यावर संगणकाची कळ काही सेकंद दाबून धरली असता आत उरलीसुरली वीजही निघून जाते. पेटीचे झाकण उघडल्यावर आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थितिक विद्युत् आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक चिपला ती जाळू शकते.

मदरबोर्डवरची ती चकचकीत चकती शोधावयास कष्ट पडत नाहीत. तिची कोणती बाजू वर आहे, हे आधी पाहून ठेवावे. बहुधा अधिक चिन्ह असलेली बाजू वर असते. खाचेच्या कडेची लहान पट्टी नखाने बाजूस सारली की सेल आपण होऊन उचलला जातो. धातूचा चिमटा किंवा पक्कड मुळीच वापरू नये, कारण तिने सेलच्या दोन्ही बाजू एकत्र जोडल्या जातात. काढलेला सेल मल्टिमीटरने मोजून पाहावा. नवा सेल तीन व्होल्टहून थोडा अधिक दाब दाखवितो. शाळेतील जुना सेल १.९ व्होल्टपर्यंत उतरलेला होता. नवा सेल त्याच बाजूने बसवावा, कडा खटकन बसल्याचे पाहावे आणि मग झाकण लावून तार जोडावी.

फारच जुना, १९९० च्या आसपासचा संगणक असेल तर गोष्ट इतकी सरळ नसते. काहींत पिंपाच्या आकाराचा, निकेल व कॅडमियम या धातूंचा सेल मदरबोर्डवर डाख देऊन पक्का केलेला असतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो पाझरतो आणि त्याचा क्षार तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. असा सेल आधी काढून टाकावा लागतो, क्षार व्हिनेगरने मारावा लागतो आणि तुटलेल्या वाटा तारेने जोडाव्या लागतात. हे काम कसबी कारागिराचे आहे. काढलेल्या सेलबद्दलही एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. चकतीसारखा सेल लहान मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांच्या आत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. तेव्हा कोणी तो गिळल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. आगीत कधीही टाकू नये.

सेल बसला म्हणजे घड्याळ चालू लागते, परंतु बरोबर होत नाही. खरी वेळ त्याला कोणी तरी सांगावीच लागते. ज्या संगणकाला इंटरनेट आहे तो हे स्वतः विचारून घेतो. प्रश्न असा की, उत्तर येईपर्यंतही वेळ जातो. त्याचे काय करावयाचे? डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८५ साली मांडलेल्या पद्धतीत यावर सुरेख तोड आहे. समजा, संगणकाने आपल्या घड्याळात दहा वाजता प्रश्न पाठविला. वेळ सांगणाऱ्या यंत्राने तत्काळ उत्तर दिले, ‘आता दहा वाजून नऊ सेकंद.’ हे उत्तर संगणकाला मिळाले, तेव्हा त्याच्या घड्याळात दहा वाजून दोन सेकंद झाले होते. जाण्यायेण्यास दोन सेकंद लागले, म्हणजे जाण्यास एक. तेव्हा उत्तर लिहिले गेले त्या क्षणी संगणकाचे घड्याळ दहा वाजून एक सेकंद दाखवीत असले पाहिजे. अर्थात ते आठ सेकंद मागे आहे. प्रत्यक्षात हा प्रवास सेकंदाच्या अल्पशा अंशात होतो, पण हिशेब हाच.

भारताची वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथे गारगोटीच्या जागी सिझियम या धातूचे अणू असतात. त्यांच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनांना जेवढा काळ लागतो तो एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ साली जगाने मान्य केली.

इंटरनेटवर जाणाऱ्या संगणकाला तर बरोबर तारखेवाचून पाऊलही टाकता येत नाही. बँक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती यांची संकेतस्थळे संगणकाला आपले प्रमाणपत्र दाखवितात आणि ते अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य आहे, असे त्यावर लिहिलेले असते. २००९ सालात अडकलेल्या संगणकाला वाटते, हे प्रमाणपत्र तर अजून लागूच झालेले नाही. तो दार लावून घेतो. पडद्यावर धोक्याचा इशारा येतो, अर्ज भरावयाचा राहतो, आणि शेवटच्या दिवशी विद्यार्थी इंटरनेटला दोष देत बसतात.

त्या शाळेच्या संगणकाला इंटरनेट नव्हते. म्हणून सेल बसविल्यावर मुख्याध्यापकांच्या मोबाइलमधील घड्याळ पाहून वेळ हातानेच लावण्यात आली. वहीच्या मागील पानावरून पाच दिवसांचे पर्जन्यमान योग्य तारखांपुढे पुन्हा लिहिले गेले. सायंकाळी मुख्य बटण बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू करताच सगळे पडद्याभोवती जमले. तारीख बरोबर होती. पुढील महिनाभर त्या विद्यार्थिनीने दर शनिवारी संगणकाचे घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिले. जुलैअखेर ते एकोणीस सेकंद मागे होते. तिने तो आकडा पावसाच्या आकड्यांशेजारी लिहिला आणि घड्याळ पुन्हा लावून ठेवले.